गोल, फुली आणि आडवी रेघ

बांबूउडीच्या स्कोअरशीटवर तीनच खुणा असतात. उडी जमली की गोल, वरची आडवी काठी पडली की फुली आणि खेळाडूनं ती उंची सोडून दिली की आडवी रेघ. छत्तीस वर्षं क्रीडाशिक्षक होतो. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या मैदानांवर पंच म्हणून उन्हात बसून असे कागद किती भरले, मोजदाद नाही. १५ सप्टेंबर २०२५ च्या रात्री जागतिक मैदानी स्पर्धा बघताना असाच एक कागद टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये भरला. तिथं मला कुणी पंच म्हणून बोलावलं नव्हतं. तिकीट काढून प्रेक्षकांत बसलो होतो आणि सवय सुटत नाही म्हणून मांडीवर कागद घेतला होता.

परत आल्यापासून सकाळी साताऱ्याच्या शाहू क्रीडा संकुलावर फिरायला गेलं की कुणीतरी विचारतंच, "सर, तुम्ही जपानला गेला कसे?" प्रत्येकाला अर्धंमुर्धं सांगून होतं. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतोय. ज्यांना जायचंय त्यांनी तारखा आणि खर्च बघावेत, बाकीच्यांनी उडीपाशी थेट उतरावं.

मी स्वतः बांबूउडी करायचो, तेव्हा तिला कुणी पोल व्हॉल्ट म्हणत नव्हतं. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या शाळेत ओढ्याकाठचा कळक तोडून आणायचा, तो विस्तवावर शेकून सरळ करायचा आणि पकडीच्या जागी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळायची. पलीकडं वाळूचा हौद. वाळूत पाठीवर पडायची सोय नाही, त्यामुळे काठी ओलांडली तरी उतरायचं दोन्ही पायांवर. दहावीला असताना २.९० मीटर गेलो आणि टाच अशी दुखावली की आजही थंडीत आठवण करून देते. कळक वाकत नाही. तो तुम्हाला वर नेतो आणि तिथं सोडून देतो, बाकीचं तुमचं तुम्ही बघायचं. पुढं शिक्षक झालो तेव्हा कॉर्नेलियस वॉर्मरडॅम या अमेरिकन उडीपटूबद्दल वाचलं. त्यानं १९४२ साली बांबूच्याच काठीवर ४.७७ मीटर उडी मारली होती. वाचल्यावर मी आधी माझ्या टाचेकडं बघितलं.

३१ मे २०२४ ला निवृत्त झालो. त्या डिसेंबरात कळलं, पुढची जागतिक मैदानी स्पर्धा १३ ते २१ सप्टेंबर २०२५ या काळात टोकियोला आहे. बांबूउडीचा विश्वविक्रमवीर, स्वीडनचा आर्मांड डुप्लांटिस तिथं उडणार. मोबाइलवर त्याच्या उड्या बघून बघून मुलीनं दिलेला डेटा मी दुपारीच संपवायचो. रात्री जेवताना ही म्हणाली, "अहो, एकदा जाऊन बघून या, म्हणजे माझ्या डोक्यामागची भुणभुण थांबेल." गंमतच करत होती. मी मात्र धरून बसलो.

पहिली फुली पासपोर्टच्याही आधीच मिळाली.

माझ्या पिढीतल्या निम्म्या माणसांचा जन्म एक जूनचा आहे, हे साताऱ्याकडच्यांना समजावून सांगायला नको. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख लिहिली ती आपली तारीख. आई सांगायची, तू बेंदराच्या आदल्या दिवशीचा. पण दाखल्यावर १ जून १९६६. त्याच तारखेनं नोकरी लागली, त्याच तारखेनं निवृत्ती आली. आधार कार्ड काढताना मात्र तिथल्या मुलानं फक्त साल विचारलं होतं, त्यामुळे त्यावर १ जानेवारी १९६६. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नाही. पासपोर्टचा अर्ज भरायला भाचा बसला, त्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाला, "मामा, हे आधी नीट करा. नाहीतर पुण्याहून परत पाठवतील."

१३ जानेवारीला आधार केंद्रावर गेलो. शाळा सोडल्याचा दाखला दिला. खिडकीतल्यानं सांगितलं, जन्मतारखेसाठी हा नको, चालणाऱ्या पुराव्यांची यादी बघा. यादीत दहावीचं गुणपत्रक होतं. ते शोधायला माळ्यावर चढलो. गुणपत्रक सापडलं आणि त्यासोबत १९८२ च्या जिल्हा स्पर्धेचं प्रमाणपत्रही, कडेला उंदरानं कुरतडलेलं. दोन्ही घेऊन खाली आलो, कामाला आलं एकच. शुल्क तेव्हा, २०२५ च्या जानेवारीत, ५० रुपये होतं. दुरुस्ती व्हायला १८ दिवस लागले. आधारवरची जन्मतारीख वारंवार बदलता येत नाही, त्यामुळे भरताना ऑपरेटरच्या पडद्यावर काय टाइप झालंय ते स्वतः वाचा. लाजू नका. मी चष्मा काढून, पुसून, परत घालून वाचलं, मागची रांग वैतागली तरी.

पासपोर्टचा अर्ज फेब्रुवारीत ऑनलाइन भरला. ३६ पानी साध्या पासपोर्टचे १५०० रुपये. तत्काळ घ्यावं लागलं असतं तर आणखी २००० गेले असते, घाई नसल्यामुळे वाचले. पुण्यातल्या मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात २७ फेब्रुवारीची वेळ मिळाली. आदल्या दिवशी महाशिवरात्र, त्यामुळे पोटात साबुदाणा आणि हातात फाइल अशा अवस्थेत पहाटेच्या विनाथांबा एसटीनं स्वारगेट गाठलं. मुंढवा तिथून लांब आहे. रिक्षावाल्याला केंद्राचं नाव सांगितलं की तो तुमच्या हातातल्या फाइलकडं बघून भाडं ठरवतो, तेव्हा फाइल पिशवीत ठेवा. आत ए, बी, सी असे तीन टप्पे. पहिल्यात फोटो, बोटांचे ठसे आणि कागद स्कॅन, पुढच्या दोनांत तपासणी आणि मंजुरी. दीड तासात बाहेर आलो. मूळ कागद आणि झेरॉक्सचा एक संच एवढं पुरलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पोलीस पडताळणीचा फोन आला. ठाण्यात जाऊन सही केली. तिथला हवालदार माझा विद्यार्थी निघाला, आठवीत गोळाफेकीत तिसरा आलेला. त्यानं चहा पाजला आणि काम मात्र नियमानंच केलं, दोन शेजाऱ्यांचे जबाब घेतले. २४ मार्चला पोस्टमन पासपोर्ट घेऊन आला. फोटोत मी फरार आरोपीसारखा दिसतो, पण तारीख १ जून १९६६. कागदावर पहिला गोल.

स्पर्धेचं तिकीट मे महिन्यात काढलं. इथं मी दोन चुका केल्या, त्या सविस्तर सांगतो.

चूक पहिली कार्डाची. परदेशातल्या संकेतस्थळावर पैसे भरताना माझं कार्ड तीनदा नाकारलं गेलं. बँकेत गेलो तर तिथली मुलगी हसली. "काका, कार्डवर परदेशी व्यवहार बंदच असतात. ॲपमध्ये जाऊन चालू करायचे." तिनंच करून दिले आणि मर्यादा घालायला शिकवलं. काम झाल्यावर ते परत बंद करा. रुपयांचे येन होताना बँक वर थोडा आकार लावते, तोही धरून ठेवा.

चूक दुसरी जागेची. मी शंभर मीटरच्या अंतिम रेषेकडची जागा सगळ्यांत चांगली असं समजून तिकीट घेतलं, सहा हजार चारशे रुपयांना. बांबूउडी बघायला जाणाऱ्यानं धावपट्टी कोणत्या बाजूला आणि गादी कुठं एवढंच बघावं. शर्यती पडद्यावरही दिसतात. उडी मात्र बाजूनं बघितली तरच हातातली काठी कशी वाकते ते कळतं. मला पूर्ण मैदानापलीकडून बघावी लागली. मायणीला पक्षी बघायला जाणाऱ्या एका मित्राची दुर्बीण उसनी नेली होती म्हणून निभावलं.

विमान जाऊन येऊन ५४ हजार, मधे बँकॉकला थांबा. थेट विमान मुंबईहून होतं, पण माझ्या पेन्शनला झेपणारं नव्हतं.

जपानचा व्हिसा प्रवासाच्या तीन महिने आधीपासून मागता येतो, त्यामुळे जूनपर्यंत हातावर हात ठेवून बसलो. १५ जुलैला मुंबईच्या अर्जकेंद्रावर गेलो. सोबत सहा महिन्यांचं बँक खातं, तीन वर्षांचं आयकर विवरण, पेन्शनचा आदेश, विमानाचं आणि हॉटेलचं आरक्षण आणि दिवसावार वेळापत्रक. या वेळापत्रकानं मला दोन रात्री जागवलं. प्रत्येक तारखेला कुठं जाणार आणि कुठं झोपणार ते लिहायचं असतं. १५ सप्टेंबरच्या रकान्यात मी लिहिलं, 'पोल व्हॉल्ट फायनल बघणे'. १४ च्या रकान्यात काय लिहावं सुचेना, 'विश्रांती' लिहिलं तर संशय घेतील वाटलं. शेवटी एका मंदिराचं नाव टाकलं आणि खरंच गेलोही.

तरीही कागद परत आले. बँकेचं विवरण मी मोबाइलवरून काढून छापलं होतं, त्यावर बँकेचा शिक्का नव्हता. मुंबईहून सातारा, बँकेत शिक्का, परत मुंबई. नऊशे रुपये आणि दोन दिवस. तेव्हा शिक्का आधीच मारून घ्या, कुणी नको म्हणालं तरी मारून घ्या. दुसऱ्या खेपेला कागद घेतले आणि २८ जुलैला ई-व्हिसा आला. सगळं मिळून खर्च दोन हजारांच्या आत.

ई-व्हिसाची एक खोच आहे. विमानतळावर तो इंटरनेट चालू ठेवून मोबाइलवर थेट उघडून दाखवावा लागतो, छापील कागद किंवा पडद्याचा फोटो चालत नाही. मी लॅमिनेशन करून नेलेला कागद मुंबईच्या काउंटरवरच निरुपयोगी ठरला. परदेशात चालणारं सिम घरूनच चालू करून जा. जपानच्या इमिग्रेशन आणि कस्टमची माहितीही आधी ऑनलाइन भरून क्यूआर कोड घेता येतो. तो भाच्यानं काढून दिला होता, त्यामुळे नारिताला रांग भराभर सरकली.

१२ सप्टेंबरला संध्याकाळी पोचलो. इकडं कासला फुलांचा हंगाम ऐन भरात, व्हॉट्सॲपवर मित्रांचे फोटो येत होते आणि मी मात्र घामाघूम. टोकियोचा सप्टेंबर थंड असेल असं समजून स्वेटर नेला होता. उकाडा असा, की आयोजकांनी मॅरेथॉन आणि चालण्याच्या शर्यती अर्धा तास अलीकडे आणल्या. स्वेटर उशी म्हणून वापरला. उएनो भागात साध्या हॉटेलात राहिलो, रात्रीला ४२०० रुपये. खोली एवढी की बॅग उघडायची तर आधी पलंगावर चढायचं. पण तिथून गिंझा मेट्रोनं गाडी न बदलता गायएनमाए स्थानकावर उतरता येतं आणि स्टेडियम चालण्याच्या अंतरावर. जेवणाचं म्हणाल तर मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या तीन दिवस पुरल्या. पुढं भात, केळी आणि दही.

१५ तारखेला सकाळी पुरुषांची मॅरेथॉन रस्त्याकडेला उभं राहून फुकट बघितली. निकाल हॉटेलात जाऊन कळला. टांझानियाचा सिंबू आणि जर्मनीचा पेट्रोस, दोघांचीही वेळ दोन तास नऊ मिनिटं ४८ सेकंद, फरक सेकंदाच्या तीन शतांशांचा. बेचाळीस किलोमीटर पळून! शालेय स्पर्धेत असं झालं असतं तर दोन्हीकडच्या पालकांनी मला घरी जाऊ दिलं नसतं.

संध्याकाळी सत्र सुरू व्हायच्या तासभर आधी आत गेलो. छताच्या वळचणीला लाकूड वापरलंय, जपानच्या सत्तेचाळीसही प्रांतांतून आणलेलं. ह्याच जागी १९६४ च्या ऑलिंपिकचं जुनं स्टेडियम होतं. तिथली बांबूउडीची अंतिम फेरी सुमारे नऊ तास चालली होती आणि अमेरिकेचा फ्रेड हॅन्सन ५.१० मीटरवर जिंकला. फायबरग्लासच्या काठीवर जिंकलेलं बांबूउडीचं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. मी वर्गात ही गोष्ट सांगायचो, तेव्हा पोरं विचारायची, "सर, नऊ तास करत काय होते?" वाट बघत होते बाळांनो, अजून काय. बांबूउडीत उडी पाच-सहा सेकंदांची आणि बाकी सगळी वाट बघणंच.

नव्या स्टेडियमची गंमत वेगळी. २०२१ ला ऑलिंपिक इथंच झालं आणि डुप्लांटिसनं ६.०२ मीटरवर सुवर्ण घेतलं, पण कोविडमुळे बघायला प्रेक्षकच नव्हते. चार वर्षांनी तो त्याच मैदानावर आला होता आणि या वेळी चारी बाजूंनी माणसं.

कागद काढला. आडव्या ओळींत नावं, उभ्या रकान्यांत उंच्या. माझ्या शेजारी सत्तरीचे एक जपानी गृहस्थ होते, गळ्यात दुर्बीण, मांडीवर वही. त्यांच्या वहीतही रकाने! आम्ही एकमेकांच्या कागदात डोकावलो आणि दोघंही हसलो. भाषेचा प्रश्नच मिटला. गोलाला तिकडंही गोलच म्हणत असावेत.

स्पर्धेचं काय सांगू. पहिला तास तर मी पंचांनाच बघत होतो. नवी उंची लावली की प्रत्येक वेळी मोजून बघतात, घाई नाही. खेळाडू सांगेल तसे आडवी काठी पेलणारे उभे खांब मागं-पुढं सरकवतात, पेटीच्या (हातातली काठी रोवायच्या खळग्याच्या) टोकापासून गादीकडं जास्तीत जास्त ८० सेंटिमीटर. तिथं ते रुळावरून सरकतात. आमच्याकडं चार पोरं लागतात आणि पाचवा ओरडायला. उडी झाल्यावर खेळाडूची काठी मागं पडत असेल तरच पंच तिला हात लावू शकतो. आडव्या काठीच्या दिशेनं पडत असेल तर नुसतं बघत राहायचं. दुर्बिणीतून तो माणूस मला दिसत होता. हात पुढं करून थबकलेला, अंदाज घेणारा. तिथल्या एवढ्या माणसांत मला सगळ्यांत ओळखीचा तोच वाटला.

खेळाडू मधल्या वेळात काय करतात, हे टीव्हीवर कधीच दिसत नाही. आडवे पडतात. टॉवेल डोक्यावर घेतात. एका उडीला मिनिटभर मिळतं आणि पुढची पाळी कधी कधी पाऊण तासानं येते, कारण मधल्या उंच्या त्यांनी सोडलेल्या असतात. ही उंची सोडणं मी पोरांना शिकवू शकलो नाही. आपल्या पोरांना वाटतं, सोडली म्हणजे घाबरला. पंचांकडं येऊन 'सोडतो' म्हणायला लाजतात, आणि मग दमून पुढच्या उंचीवर तीन फुल्या खाऊन बाद होतात. तिथं मात्र आडव्या रेघा नीट हिशेबानं पडत होत्या.

मधेच अडथळ्यांची ३००० मीटर, म्हणजे स्टीपलचेसची अंतिम शर्यत झाली. न्यूझीलंडच्या बीमिशनं अगदी शेवटच्या पावलांत मोरोक्कोच्या एल बकालीला गाठलं. आमच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओत याच प्रकाराच्या अंतिम फेरीत धावून दहावी आली होती, त्यामुळे साताऱ्याच्या माणसाला ती शर्यत परकी वाटत नाही. बीडचा अविनाश साबळे असायला हवा होता. जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत गुडघा दुखावल्यामुळे तो आला नव्हता.

इकडं आडवी काठी चढत होती. ५.९५ ला ऑस्ट्रेलियाचा कर्टिस मार्शल आणि अमेरिकेचा सॅम केंड्रिक्स दोघंही गेले, पण फुल्यांच्या हिशेबात मार्शल तिसरा आणि केंड्रिक्स चौथा. केंड्रिक्स दोनदा जगज्जेता राहिलाय. उंची तीच, पदक नाही, कारण कागदावर कुठंतरी एक फुली जास्त. पोरांच्या पालकांना हे समजावताना माझा घसा बसायचा. ग्रीसचा इमॅन्युइल करालिस ६.०० मीटरवर रौप्य घेऊन थांबला. डुप्लांटिसच्या ओळीत तोवर एकही फुली नव्हती.

आपल्याकडचा हिशेबही सांगतो, म्हणजे उंचीचा अंदाज येईल. मध्य प्रदेशच्या देव मीणानं त्याच वर्षी, २०२५ च्या एप्रिलमध्ये, कोचीला ५.३५ मीटर उडी मारून राष्ट्रीय विक्रम केला. टोकियोला थेट प्रवेशाची उंची होती ५.८२.

सुवर्ण नक्की झाल्यावर डुप्लांटिसनं आडवी काठी ६.३० वर लावायला सांगितली. विश्वविक्रम ६.२९ होता, त्याचाच, महिन्याभरापूर्वी बुडापेस्टला केलेला. एसटीवर एसटी ठेवली तर जवळपास तेवढी उंची होईल. दहा वाजून गेले होते. बाकीच्या स्पर्धा संपल्या होत्या. घरी जायला सगळे मोकळे होते, पण कुणी उठलं नाही. सगळं मैदान एका माणसासाठी थांबलेलं.

पहिली फुली. दुसरी फुली. दोन्ही वेळा उंची होती, काठीला जरासं लागलं. मी पेन्सिलीनं फुल्या काढल्या आणि शेजाऱ्यांकडं बघितलं. त्यांनीही काढल्या होत्या. मधला वेळ जाईना म्हणून पिशवीतून कंदी पेढ्यांचा डबा काढला, खास साताऱ्याहून नेलेला, आणि एक पेढा त्यांना दिला. मग काय सुचलं कोण जाणे, मी म्हणालो, "निशिदा. ओए."

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये शुहेई निशिदा आणि सुएओ ओए या दोन जपानी उडीपटूंनी सारखीच उंची गाठली होती, ४.२५. एकमेकांविरुद्ध पुढं उडायचं त्यांनी नाकारलं. निशिदाला रौप्य मिळालं, ओएला कांस्य. मायदेशी परतल्यावर दोघांनी पदकं मधोमध कापून घेतली आणि अर्धं रुपं, अर्धं कांसं अशी जोडून घेतली. काठ्या अर्थातच बांबूच्या. त्या काळी उडीसाठीचा उत्तम बांबू जपानचाच मानायचे.

गृहस्थ क्षणभर माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी हातातला पेढा मधोमध मोडला आणि अर्धा मला परत दिला.

तिसऱ्या उडीला टाळ्यांचा ताल धरला गेला. मी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि लगेच काढली, कारण हात हलत होते. त्याचं पळणं आधी बघावं असं आहे. हा माणूस नुसता शंभर मीटर १०.३७ सेकंदांत पळालाय, आणि इथं हातात काठी घेऊन पळतो. काठी पेटीत रुतली, वाकली, आणि मग तो वर जात राहिला. छाती वरच्या आडव्या काठीला चाटून गेली असावी, कारण ती हलली. गादीवर पडून तो वर बघत होता. आम्हीही. पंच म्हणून मला सवय आहे, काठी हलली की मी श्वास धरून मनात आकडे मोजतो. एक, दोन, तीन. राहिली.

पांढरं निशाण वर गेलं की नाही ते मी बघितलंच नाही. तोवर सगळे उभे. तो गादीवरून उठून कठड्याकडं धावला आणि बाकीचे उडीपटूही त्याच्याभोवती जमले, हरलेले सगळे, त्याच्याइतकेच खूश. त्याचा हा चौदावा विश्वविक्रम. सुवर्णाचे ७० हजार आणि विक्रमाचे एक लाख डॉलर. अशी बक्षिसं असतात म्हणूनच तो एकेक सेंटिमीटरनं चढतो, असं काही जण कुजकट बोलतात. बोलोत बापडे. मी सेंटिमीटरचा माणूस आहे, मला त्यात गैर काही दिसत नाही.

माझा कागद भरायचा राहिला होता. खाली बसलो, ६.३० च्या रकान्यात दोन फुल्यांपुढं गोल काढला. गोल वाकडा आला. शेजाऱ्यांनी माझा कागद मागितला, मोबाइलनं फोटो काढला आणि त्यांच्या वहीचा मला काढू दिला.

परतीच्या बाबतीत एक चूक मात्र अजून सलते. १४ तारखेला नाशिक जिल्ह्यातला सर्वेश कुशारे उंच उडीच्या अंतिम फेरीत पोचला. जागतिक स्पर्धेत उंच उडीच्या अंतिम फेरीत जाणारा पहिला भारतीय. ती फेरी १६ ला संध्याकाळी. माझं विमानही १६ ला संध्याकाळी, आणि तारीख बदलायची तर जवळजवळ नवं तिकीट काढण्याएवढे पैसे. त्यानं २.२८ मीटर, म्हणजे स्वतःची सर्वोत्तम उडी मारून सहावा क्रमांक घेतला, तेव्हा मी हवेत होतो. बँकॉकला उतरून मोबाइल चालू केला तेव्हा कळलं. परतीचं तिकीट काढताना एक दिवस जास्तीचा ठेवा. आपला कुणी पुढं जाणारच नाही असं गृहीत धरून मी तिकीट काढलं होतं, हे लिहितानाही बरं वाटत नाही.

एकूण खर्च एक लाखाच्या थोडा वर गेला. विमान, चार रात्री, तिकीट, व्हिसा, पासपोर्ट, विमा, मुंबई-पुण्याच्या खेपा, तिथलं जेवणखाण आणि मेट्रो, सगळं धरून. येन मी इथूनच थोडे नेले होते, रुपयाला साधारण १.७ भावानं. छोट्या दुकानांत ते उपयोगी पडले.

घरी आल्यावर हिनं पहिल्यांदा विचारलं, "स्वेटर कुठंय?" हॉटेलातच राहिला होता.

पासपोर्ट २०३५ पर्यंत चालणार आहे आणि पुढची जागतिक स्पर्धा २०२७ ला बीजिंगला आहे. चीनच्या व्हिसाला बँकेच्या विवरणावर शिक्का लागतो का, हे कुणाला माहीत असेल तर आधीच सांगून ठेवा.